घटलं, की अंदाजापेक्षा कमी निघालं?

मे महिन्यात आमचं विजेचं बिल आलं अडीच हजार. एप्रिलचं होतं दोन. तरी मुलगा म्हणतो, "आई, पाचशे वाचले! एवढ्या उकाड्यात तीन हजार यायचे." एसी २६ वर ठेवायचा हुकूम त्याचाच, म्हणजे श्रेयही त्याचंच. बिल वाढलंय हे खरं, आणि त्याला खोटं ठरवता येत नाही हेही खरं. फक्त ते तीन हजार आणले कुठून, एवढंच विचारायचं.

वॉशिंग्टन डीसीतला गोंधळ असाच आहे. एकत्र ध्यान केलं की अख्ख्या शहरातली हिंसा घटते, हे दाखवायला ७ जून ते ३० जुलै १९९३ या काळात महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाचे साधक तिथे जमले. शेवटी आकडा चार हजारांपर्यंत गेला. भौतिकशास्त्रज्ञ जॉन हेगलिन यांच्या गटाने सांगितलं, हिंसक गुन्हे २३ टक्क्यांनी घटले. ऐकणाऱ्याला वाटतं, आधी शंभर होते, आता सत्त्याहत्तर. पण तुलना आधीच्या गुन्ह्यांशी नव्हती. जुने आकडे आणि तापमान यांवरून काढलेल्या अंदाजाशी होती. उकाडा हिशेबात धरणं काही गैर नाही, उन्हाळ्यात हाणामाऱ्या वाढतातच. मात्र मग सगळा भार त्या अंदाजावर येतो.

टीकाकारांनी खुनांवर बोट ठेवलं. शहरात १९९२ मध्ये ४४३ खून झाले, १९९३ मध्ये ४५४. हेगलिन यांना १९९४ चं शांततेचं इग नोबेल, म्हणजे थट्टेचं पारितोषिक, मिळालं. मला ही थट्टा अर्धीच पटते. वर्षभराच्या बेरजेवरून आठ आठवड्यांबद्दल काय कळणार? उलट बाजूने, अभ्यासात खून, बलात्कार आणि गंभीर मारहाण एकत्र मोजली होती. मारहाणी हजारोंनी, खून शेकड्यांनी. बेरीज मारहाणीमागेच जाणार, खुनांचं काय झालं ते तिच्यातून कळणार नाही.

खरी अडचण पुढेच आहे. ध्यानाने एखाद्याचं ब्लडप्रेशर उतरतं का, हे दोनशे जणांत कोणी ध्यान करायचं, कोणी नाही, याच्या चिठ्ठ्या टाकून तपासता येतं. इथे शहर एक, उन्हाळा एक. शेजारच्या बाल्टिमोरशी ताडून पाहावं, तर दाव्याचं सूत्रच आडवं येतं: लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या वर्गमुळाइतके साधक पुरतात. तेव्हाच्या सुमारे २६ कोटी अमेरिकेला सोळाशे. मग चार हजारांत अख्खा देशच आला की! परिणामाबाहेरचं शहर शोधायचं कुठे?

उरतात आठवड्यांच्या चिठ्ठ्या. आमच्याकडे रोज सकाळी चिठ्ठी काढून एसी २२ वर की २६ वर ते ठरेल, संध्याकाळी मीटर वाचता येईल. चार हजार माणसांना चिठ्ठी निघाली की बोलवायचं, नाही निघाली की घरी धाडायचं, आणि हे वर्षभर, हे करणार कोण?