व्यावसायिक संज्ञापन

व्यावसायिक संज्ञापन : व्यापार, उद्योग व कार्यालयीन कामकाजात एखादा निर्णय व्हावा, अडकलेले पैसे सुटावेत, माल वेळेत निघावा किंवा एखादी गोष्ट संबंधितांच्या कानावर जावी यासाठी केलेले लेखन आणि बोलणे. पत्र, ईमेल, टिपणी, अहवाल, प्रस्ताव, विक्रीपत्र, सभेचे इतिवृत्त, प्रेझेंटेशन, वाटाघाट हे सगळे त्यात मोडते. इतर लेखनापेक्षा त्याचे वेगळेपण वाचकात आहे. हा वाचक हौसेने वाचत नाही. त्याच्यापुढे मेलचा ढीग असतो, मिटिंगला जायची घाई असते आणि पहिल्या दोन ओळींत आपले काम काय हे कळले नाही, तर तो पुढच्या मेलकडे वळतो. हे कौशल्य शिकवता येते, याबद्दल आता दुमत नाही. कसे शिकवावे याबद्दल मात्र आहे. आपल्याकडे बहुतेक वर्गांत ते नमुने पाठ करून शिकवले जाते आणि नेमके तेवढ्यानेच ते येत नाही.

पूर्वपीठिका

पत्र कसे लिहावे याचा विचार भारतात फार जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील ‘शासनाधिकार’ हा दहावा अध्याय राजपत्रांच्या लेखनालाच वाहिलेला आहे. त्यात लेखनाचे सहा गुण दिले आहेत : अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य (म्हणजे ग्राम्य नसलेले शब्द वापरणे) आणि स्पष्टत्व. यादीत पहिला मान क्रमाला आहे, म्हणजे मुख्य गोष्ट आधी सांगण्याला. दोष पाच : अकांति, व्याघात, पुनरुक्त, अपशब्द आणि संप्लव. अकांति म्हणजे मळके पान आणि वेडेवाकडे, पुसट अक्षर. व्याघात म्हणजे पुढचे विधान मागच्याच्या विरोधात जाणे. अपशब्द म्हणजे इथे शिवी नव्हे, तर लिंग, वचन, काळ यांच्या चुका. संप्लव म्हणजे जिथे तोडायचे तिथे न तोडणे आणि जिथे जोडायचे तिथे तोडणे. परिच्छेदच नसलेला दीड पानी मेल ज्याने वाचला आहे, त्याला संप्लव वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. याच अध्यायात पत्रांचे तेरा हेतूही मोजले आहेत. निंदा, प्रशंसा, पृच्छा, अर्थना, प्रत्याख्यान, उपालंभ, सांत्व, अनुनय इत्यादी. विचारणा, मागणी, नकार, तक्रार, समजूत : आजच्या कुठल्याही ऑफिसचा दिवसभराचा मेलबॉक्स या यादीत बसतो.

युरोपात अकराव्या-बाराव्या शतकांत इटलीत पत्रलेखनाचे स्वतंत्र शास्त्र तयार झाले आणि बोलोन्या हे त्याचे मोठे केंद्र बनले. त्या पद्धतीत पत्राचे पाच भाग असत : अभिवादन, वाचकाची मर्जी संपादन करणे, हकिकत, मागणी आणि समारोप. मागणी चौथ्या स्थानावर होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मराठी पत्रव्यवहारालाही असाच साचा होता. मोडीतल्या पत्रांत पत्र घेणाऱ्याच्या दर्जाप्रमाणे मायना बदले. ‘राजमान्य राजेश्री’ कोणाला आणि ‘श्रीमंत’ कोणाला हे चिटणीशी शिकणाऱ्याला तोंडपाठ असावे लागे. त्यानंतर ‘येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे’ आणि मग ‘विशेष’ म्हणून खरा मजकूर. हा साचा त्या काळी निरुपयोगी नव्हता. लांबून आलेल्या जासुदाच्या हातचे पत्र कोणी, कोणत्या नात्याने लिहिले हे मायन्यावरूनच कळे.

ब्रिटिश आमदानीत याच जागी इंग्रजी कचेरीतली नम्रता आली, आणि स्वातंत्र्यानंतर तिचेच मराठी रूप रुळले. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ मुळे मराठी कारभाराची भाषा झाली, परिभाषाकोश निघाले. पण ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’ हे वाक्य काही हलले नाही. या वाक्यात कर्ता नाही. कळविले कोणी, काय करायचे आणि ते कोणी, हे पुढे शोधत बसावे लागते. सरकारी पत्रात त्यामागे जबाबदारी अंगावर न घेण्याचे निदान एक कारण तरी असते. खाजगी कंपन्यांतले लोकही ते आपखुशीने उचलतात, याला सवयीपलीकडे कारण दिसत नाही.

अभ्यासविषय म्हणून विकास

विद्यापीठीय विषय म्हणून याची घडण मुख्यतः अमेरिकेत झाली. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ मध्ये सुरू झाले. व्यावसायिक लेखन शिकवणाऱ्या महाविद्यालयीन शिक्षकांची संघटना १९३६ मध्ये स्थापन झाली. तीच आज असोसिएशन फॉर बिझनेस कम्युनिकेशन या नावाने काम करते. या क्षेत्रातला सर्वांत टिकाऊ विचार मात्र सल्लागार कंपनीतून आला. बार्बरा मिंटो १९६३ मध्ये हार्वर्डमधून शिकून मॅकिन्झीत दाखल झाल्या आणि पुढे लंडनला जाऊन सहकाऱ्यांचे अहवाल सुधारण्याचे काम करू लागल्या. अहवाल बिघडतो तो बहुधा भाषेमुळे नव्हे, तर लिहिणाऱ्याने विचारांची मांडणीच न केल्यामुळे, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. त्यावर त्यांनी पिरॅमिडची रचना सुचवली : निष्कर्ष माथ्यावर, त्याखाली त्याला धरून ठेवणारी कारणे, आणि प्रत्येक कारणाखाली त्याचा पुरावा. आपण अभ्यास करतो तो तळापासून वर. सांगायचे ते माथ्यापासून खाली. बहुतेक अहवाल फसतात ते लेखक स्वतःच्या अभ्यासाची वाटचाल वाचकालाही करायला लावतो म्हणून.

भारतात भारतीय प्रबंध संस्था, अहमदाबाद (स्थापना १९६१) हार्वर्डच्या सहकार्याने उभी राहिली आणि तिथला ‘रिटन अ‍ॅनालिसिस अँड कम्युनिकेशन’ हा अभ्यासक्रम, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘वॅक’, नावाजला गेला. एखाद्या कंपनीचा पेच द्यायचा, ठरलेल्या घटकेपर्यंत विद्यार्थ्याकडून लेखी निर्णय घ्यायचा आणि त्यावर कठोर शेरे मारून परत द्यायचा, अशी ही तालीम.

महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजांत हा विषय तुकड्यातुकड्यांनी येतो. दहावीच्या उपयोजित लेखनात मागणीपत्र आणि विनंतीपत्र असते. बारावी वाणिज्यला ‘चिटणीसाची कार्यपद्धती’, म्हणजे ‘एसपी’, हा विषय असतो आणि त्यात भागधारक, कर्जरोखेधारक व ठेवीदार यांना लिहायची पत्रे असतात. मुंबई विद्यापीठाच्या बी.कॉम.ला ‘बिझनेस कम्युनिकेशन’ची वर्षानुवर्षांची परंपरा आहे. या सगळ्यांत गुण बऱ्याच अंशी आराखड्याला मिळतात : प्रति, विषय, महोदय, दिनांक, सही जागच्या जागी आहेत ना. पत्र वाचून समोरच्याने काम केले असते का, हा प्रश्न गुणदानात कुठेच येत नाही. शिवाय एकदा लिहिलेले पत्र पुन्हा लिहून घेण्याची पद्धत नाही, आणि पुनर्लेखनाशिवाय लेखन शिकवणे म्हणजे पाण्यात न उतरवता पोहायला शिकवणे.

मन वळवणारे लेखन

ॲरिस्टॉटलने मन वळवण्याची तीन साधने सांगितली : बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि प्रत्यक्ष युक्तिवाद. व्यवहारात पत आधीच कमावलेली किंवा गमावलेली असते. भावनेला लोक गरजेपेक्षा जास्त हात घालतात आणि युक्तिवाद स्वतःच्या बाजूने करतात, समोरच्याच्या नव्हे.

थकलेल्या बिलाचे पत्र हे याचे चांगले उदाहरण. लहान कारखानदाराला हे पत्र वारंवार लिहावे लागते, आणि ते साधारण असे असते : ‘वरील विषयास अनुसरून आपणांस नम्रपणे कळवू इच्छितो की आमची संस्था गेली अनेक वर्षे आपणांस दर्जेदार सेवा देत आली आहे. सध्याची आमची आर्थिक अडचण लक्षात घेऊन आमच्या थकीत देयकाबाबत सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही विनंती.’ यात रक्कम नाही, तारीख नाही, बिलाचा क्रमांक नाही. कारण दिले आहे ते लिहिणाऱ्याच्या अडचणीचे. खरेदीदाराच्या अकाउंट्स विभागाला त्याचे सोयरसुतक असण्याचे कारण नाही.

तेच पत्र असे लिहिता येते : ‘बिल क्र. २१४ चे ३,८६,००० रुपये करारानुसार १८ फेब्रुवारीला देय होते. ते ३१ मार्चपूर्वी जमा करावेत, ही विनंती. माल ४ जानेवारीला पोहोचला. आपल्या स्टोअरची सही असलेले चलन सोबत आहे. आमची नोंदणी सूक्ष्म उद्योग म्हणून असल्याने ही रक्कम मार्चअखेर न दिल्यास या वर्षीच्या करहिशेबात तिची वजावट आपल्याला मिळणार नाही, हे कृपया अकाउंट्सच्या नजरेस आणावे. मालाबद्दल काही हरकत असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, मी स्वतः येऊन बघतो.’

दुसऱ्या पत्राचे बळ त्यातल्या माहितीत आहे. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघू पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमाच्या कलम ४३ब (ज) ने आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून त्याला दात आणले : मुदत उलटून गेलेल्या रकमेची वजावट ती प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी मिळते. म्हणजे ३१ मार्च ही तारीख आता खरेदीदाराच्याही फायद्याची आहे, आणि पत्र त्या फायद्यावर बोट ठेवते. २००६ च्या कायद्यात उशिराबद्दल बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याजाचीही तरतूद आहे. ती या पत्रात काढली नाही, तेही जाणूनबुजून. ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी आहे त्याला पहिल्याच पत्रात कायद्याचा बडगा दाखवला, तर तो हे पैसे देईल, पण पुढची ऑर्डर दुसरीकडे जाईल. दुसऱ्या स्मरणपत्रासाठी काहीतरी हाताशी ठेवावे लागते.

मौखिक सादरीकरण

बोलण्याची तालीम देणाऱ्या संस्था कार्यालयाबाहेर वाढल्या. डेल कार्नेगी यांनी १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या वायएमसीएत प्रौढांसाठी भाषणाचे वर्ग सुरू केले. राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता आना येथे, तेही वायएमसीएतच, टोस्टमास्टर्सचा पहिला क्लब काढला. टोस्टमास्टर्सची पद्धत साधी आहे : वेळ पाळायला हिरवा, पिवळा, लाल दिवा, ‘अं’, ‘म्हणजे’ मोजणारा एक सभासद, आयत्या वेळच्या विषयावर एक-दोन मिनिटे, आणि प्रत्येक भाषणावर दुसऱ्या सभासदाचा तोंडी अभिप्राय. शिक्षक नसतो. शिकवतो तो अभिप्राय.

महाराष्ट्रात बोलण्याची हौस कमी नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची, आणि शाळाशाळांतून वक्तृत्व स्पर्धा चालतात. गंमत अशी, की स्पर्धेत बक्षिसे मिळवलेला मुलगा कंपनीत गेल्यावर प्रेझेंटेशनला अनेकदा अडखळतो. ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग’ने सुरुवात, मग एखादी ओवी किंवा कवितेची ओळ, हळूहळू चढत जाणारा आवाज आणि टाळीचे वाक्य शेवटी राखून ठेवणे, ही त्याची तालीम. खर्चाच्या मंजुरीसाठी बसलेल्या माणसाला टाळीचे वाक्य आधी हवे असते : किती पैसे, कशासाठी, केव्हा वसूल होणार. तरी त्या मुलाचा उभे राहण्याचा धीटपणा आयुष्यभर कामी येतो, आणि तो वर्गात शिकवून येत नाही.

स्लाइडचे युग १९८७ मध्ये सुरू झाले. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट या कंपनीत मॅकिंटॉशसाठी पॉवरपॉइंट तयार केले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना घेतली. या साधनाची सोय आणि धोका दोन्ही एका स्लाइडवर दिसतात. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यानाच्या उड्डाणावेळी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी नासासाठी धोक्याचा आढावा घेतला आणि तो स्लाइडवर मांडला. स्लाइडच्या शीर्षकाचा सूर धीर देणारा होता : चाचण्यांची आकडेवारी पाहता आपले अंदाज सावध बाजूचेच आहेत. खाली बुलेटच्या (ठिपका देऊन लिहिलेल्या मुद्द्याच्या) पोटात बुलेट, अशी उतरंड. अगदी तळाशी, बारीक टाइपात, खरी गोष्ट होती : आदळलेल्या तुकड्याचे आकारमान सुमारे १९२० घनइंच, तर चाचण्या झाल्या त्या ३ घनइंचांच्या तुकड्यांवर. म्हणजे ६४० पट फरक, आणि तो शेवटच्या ओळीत. १ फेब्रुवारीला परतताना यान नष्ट झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. येल विद्यापीठाचे एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची चिरफाड केली. अपघात चौकशी मंडळाने ती आपल्या अहवालात घेतली आणि तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइड वापरण्याच्या प्रथेवर ठपका ठेवला. स्लाइडवर कोणीही खोटे लिहिले नव्हते. क्रम तेवढा उलटा होता.

ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकीतून स्लाइड हद्दपार केल्या. त्याऐवजी सलग वाक्यांत लिहिलेले सहापानी टिपण आणायचे आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी ते तिथेच गप्प बसून वाचायचे. बुलेटमध्ये ‘म्हणून’ आणि ‘तरीही’ गाळता येतात, सलग लेखनात ते लिहावेच लागतात, हा त्यातला फायदा. मात्र सहा पाने नीट लिहायला वेळ देणाऱ्या संस्था थोड्या, त्यामुळे हा प्रयोग सगळीकडे जसाच्या तसा चालेल असे नाही. बहुतेकांना डेक, म्हणजे स्लाइडचा संच, बनवावाच लागतो. त्यांच्यासाठी एक कसोटी उपयोगी पडते : स्लाइडचे शीर्षक ‘विक्रीचा आढावा’ असे न ठेवता ‘विदर्भातली विक्री घटली, कारण दोन वितरक सुटले’ असे पूर्ण वाक्य करावे आणि मग सगळ्या स्लाइडची फक्त शीर्षके ओळीने वाचून पाहावीत. म्हणणे कळले तर डेक तयार आहे. नाहीतर चित्रे आणि ॲनिमेशन घालून उपयोग नाही.

प्रश्नोत्तरांची तयारी सर्वांत कमी होते आणि निर्णय बहुधा तिथेच लागतो. सरावासाठी सहकाऱ्यांपैकी एकाला मुद्दाम खोडसाळ प्रश्न विचारायला बसवतात. आकडा माहीत नसेल तर अंदाजपंचे ठोकण्यापेक्षा ‘तपासून संध्याकाळी मेल करतो’ हे उत्तर चालते, मात्र तो मेल संध्याकाळीच जायला हवा. त्याच मेलमध्ये बैठकीत काय ठरले, कोणी करायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हेही चार ओळींत लिहितात. काम ‘टीम’च्या नावावर न टाकता एका माणसाच्या नावावर टाकतात.