वुताई पर्वत

वुताई पर्वत : चीनच्या शान्शी प्रांताच्या ईशान्य भागातील बौद्ध तीर्थक्षेत्र. प्रज्ञेचा बोधिसत्त्व (बुद्धत्वाच्या वाटेवरील पूज्य विभूती) मंजुश्री याचे हे निवासस्थान मानले जाते. २००९ मध्ये यूनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत ‘सांस्कृतिक भूदृश्य’ म्हणून त्याचा समावेश केला. चीनमधील चार पवित्र बौद्ध पर्वतांपैकी हा एक असून समंतभद्राचा अ-मेई, अवलोकितेश्वराचा फुथुओ आणि क्षितिगर्भाचा ज्यौह्वा हे उरलेले तीन होत. या चौघांत पहिला मान वुताईला दिला जातो.

‘वुताई’ म्हणजे पाच सपाट माथे. नावाप्रमाणे येथे पाच माथे आहेत : पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर आणि मध्य. एकाही माथ्याला सुळका नाही. सगळे वरून सपाट, गवताळ आणि वाऱ्याला मोकळे. उत्तरेचा माथा सर्वांत उंच, सुमारे ३,०६० मी. त्याला ‘उत्तर चीनचे छप्पर’ म्हणतात. येथील खडक पृथ्वीवरील फार जुन्या खडकांपैकी असून त्यांचे वय अडीच अब्ज वर्षांच्या आसपास आहे. माथे सपाट का, याचे भूशास्त्रीय उत्तर दीर्घकाळची झीज हे आहे. लोककथेचे उत्तर जास्त रंजक आहे. उन्हाने होरपळलेल्या या डोंगरासाठी मंजुश्रीने पूर्वसमुद्राच्या नागराजाकडून थंडावा देणारी शिळा आणली. घरी परतलेल्या नागराजाच्या मुलांना शिळा दिसेना, तेव्हा ते चिडून मागोमाग आले आणि त्यांनी नखांनी शिखरे ओरबाडून सपाट केली. चिनी ग्रंथांत या पर्वताला ‘शीतल पर्वत’ असेही म्हणतात, आणि ते सार्थ आहे. उन्हाळ्यातही माथ्यावर रात्री चांगलीच थंडी पडते.

पर्वताच्या माहात्म्याचा आधार अवतंसक सूत्र या महायान बौद्ध ग्रंथाच्या चिनी भाषांतरात आहे. ईशान्येला ‘शीतल’ नावाचा पर्वत असून तेथे मंजुश्री दहा हजार बोधिसत्त्वांसह राहतो, असे त्यात म्हटले आहे. तो पर्वत म्हणजे वुताईच, ही समजूत थांग काळापर्यंत (सातवे ते दहावे शतक) पक्की झाली आणि बौद्ध जगाच्या नकाशात एक उलटी वाट उघडली. तोवर चिनी भिक्षू धर्माच्या शोधात भारताकडे येत होते. आता भारतातले भिक्षू मंजुश्रीच्या दर्शनाला चीनकडे निघाले.

त्यांतला सर्वांत प्रसिद्ध बुद्धपाली. परंपरेनुसार तो इ. स. ६७६ मध्ये वुताईला पोहोचला. वाटेत भेटलेल्या एका म्हाताऱ्याने त्याला विचारले, “उष्णीषविजया धारणीची पोथी आणलीस का?” धारणी म्हणजे पठणाचा दीर्घ मंत्र. पोथी नव्हती. “मग रिकाम्या हाताने आलास कशाला?” असे म्हणून म्हातारा दिसेनासा झाला. बुद्धपाली मागे फिरला, पोथी घेऊन ६८३ मध्ये पुन्हा चीनला आला आणि शेवटी पर्वतातल्या वज्रगुहेत शिरला तो कायमचा, असे कथा सांगते. म्हातारा अर्थातच मंजुश्री होता. या कथेतला ऐतिहासिक भाग किती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी ती धारणी पुढे चीनभर दगडी स्तंभांवर कोरली गेली, हे खरे आहे.

वुताईची खरी ओळख या वेषांतरात आहे. मंजुश्री येथे मंदिरातल्या मूर्तीत बसून राहत नाही. तो कोणत्याही रूपात रस्त्यावर भेटू शकतो, अशी श्रद्धा आहे. एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी वाहणारा देव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटू नये. एका कथेत विहारातल्या अन्नदानाला दोन मुले आणि कुत्रा घेऊन एक गरीब गरोदर बाई येते. ती मुलांचा वाटा मागते, कुत्र्याचा मागते, मग पोटातल्या बाळाचाही मागते. भिक्षू खवळतो. बाई मंजुश्रीच्या रूपात प्रकट होते आणि कुत्रा होतो त्याचे वाहन, सिंह. तिने मागे ठेवलेल्या केसांवर बांधलेला म्हणून एक लहान स्तूप आजही दाखवतात. ८४० मध्ये येथे आलेल्या जपानी भिक्षू एन्निन याने आपल्या रोजनिशीत ही कथा नोंदवली आहे आणि तिचा परिणामही : येथील अन्नदानात स्त्री-पुरुष, थोर-लहान, गरीब-श्रीमंत असा भेद न करता सर्वांना सारखे वाढतात. दंतकथेने पंगतीचा नियम बदलावा, हे धर्माच्या इतिहासात वारंवार घडत नाही.

हीच श्रद्धा एकोणिसाव्या शतकातही जिवंत होती. श्यू-युन या छान (झेन) परंपरेतील भिक्षूने १८८२ मध्ये फुथुओ बेटावरून निघून, दर तीन पावलांना एक दंडवत घालत, १८८४ मध्ये वुताई गाठला. वाटेत हिमवर्षावात आणि आजारपणात दोनदा एका भिकाऱ्याने त्याचे प्राण वाचवले. तो भिकारी म्हणजे मंजुश्रीच, असे वुताईवर एका वृद्ध भिक्षूने श्यू-युनला सांगितले.

चिनी परंपरेबरोबरच तिबेटी आणि मंगोल बौद्धांसाठीही वुताई पवित्र आहे. मंगोल भाविक आपल्या आप्तांच्या अस्थी येथे पुरण्यासाठी आणत. मंचू (छिंग) राजवटीच्या सम्राटांनी (१६४४–१९१२) तिबेटी पंथाला आश्रय दिला. १०८ पायऱ्या चढून जावे लागते त्या पूसादिंग विहाराची पिवळी कौले त्याच राजाश्रयाची खूण आहेत, कारण हा रंग सम्राटाच्या परवानगीवाचून वापरता येत नसे. तेरावे दलाई लामा १९०८ मध्ये येथे राहिले होते. नेपाळशी असलेले नाते तर दुहेरी आहे. स्वयंभूपुराणानुसार मंजुश्री महाचीनातील पंचशीर्ष पर्वतावरून नेपाळला आला आणि तलवारीने डोंगर कापून त्याने काठमांडूच्या खोऱ्यातले सरोवर रिकामे केले. उलट दिशेने, युआन या मंगोल राजवटीत (तेरावे-चौदावे शतक) नेपाळी कलावंत अरनिको याने येथे पांढरा स्तूप उभारला. पुढे मिंग काळात (१३६८–१६४४) त्याची पुनर्बांधणी झाली. पन्नास मीटरहून उंच असलेला हा स्तूप ताईह्वाई गावात कोठूनही नजरेस पडतो.

ताईह्वाई हे पाच माथ्यांच्या मधल्या खोऱ्यातले गाव. बहुतेक विहार येथेच दाटीने उभे आहेत. श्येनथोंग हा त्यांतला सर्वांत जुना मानला जातो. त्याची स्थापना इ. स. पहिल्या शतकातली, असे परंपरा सांगते. तेथील मिंगकालीन, संपूर्ण काशाचे छोटे देवालय पाहण्यासारखे आहे. गर्दी मात्र वूये मंदिरात असते. तेथला देव म्हणजे त्या चिडलेल्या नागपुत्रांपैकी पाचवा. तो धनलाभ घडवतो अशी ख्याती असल्याने उदबत्त्यांच्या धुरात दरवाजा दिसत नाही. त्याला नाटकाची हौस आहे म्हणून मंदिरासमोर खास रंगमंच आहे आणि नवस फेडणारे त्यावर खेळ लावतात. प्रज्ञेच्या बोधिसत्त्वाच्या गावात सर्वाधिक रांग पैशाच्या देवापुढे लागते, यावर चिनी लोकही विनोद करतात.

पाचही माथ्यांची यात्रा ही ‘मोठी यात्रा’. प्रत्येक माथ्यावरच्या मंदिरात मंजुश्रीचे वेगळे रूप आहे. पायी चालणारे साधारणतः पूर्व माथ्यावर सूर्योदय गाठतील अशा बेताने अंधारात निघतात आणि पुढचे माथे दोन-तीन दिवसांत पूर्ण करतात. अंतर साठ किलोमीटरहून अधिक भरते. चढापेक्षा वारा जास्त दमवतो. ज्यांना हे झेपत नाही त्यांच्यासाठी ‘छोटी यात्रा’ आहे : दाईलुओदिंग टेकडीच्या १,०८० पायऱ्या चढायच्या आणि वर एकाच दालनात पाचही मंजुश्रींचे दर्शन घ्यायचे. अठराव्या शतकातील चिएनलुंग सम्राटाला वादळी हवेमुळे माथे गाठता आले नाहीत म्हणून ही सोय झाली, असे सांगतात. पायऱ्याही नकोत तर पाळण्याची सोय आहे.

तरीही वास्तुकलेच्या दृष्टीने वुताईचे खरे धन ताईह्वाईत नाही. ८४५ मध्ये थांग सम्राट वूत्सुंगने बौद्ध विहार पाडण्याचा हुकूम काढला, तेव्हा पर्वतावरच्या बहुतेक जुन्या वास्तू गेल्या. खाली दक्षिणेकडच्या खेड्यात नानछान विहाराचे ७८२ मधले तीन खणांचे छोटे दालन तेवढे वाचले. चीनमधील ज्ञात लाकडी इमारतींत ते सर्वांत जुने आहे. फोग्वांग विहाराचे पूर्व दालन या विध्वंसानंतर, ८५७ मध्ये बांधले गेले. सात खणांचे हे दालन डोंगरउतारावर पश्चिमेकडे तोंड करून उभे आहे. खांबांवर रचलेले लाकडी ब्रॅकेट (छपराचा भार पेलणारे आधार) खांबांच्या जवळजवळ निम्म्या उंचीचे असून त्यांवर तोललेले छप्पर बरेच पुढे झुकले आहे. त्यापुढे नंतरच्या काळातली चिनी छपरे आखडलेली वाटतात.

चीनमध्ये थांग काळातली लाकडी वास्तू उरलेली नाही, ती पाहायची तर जपानला जावे, असे जपानी अभ्यासक म्हणत. वास्तुतज्ज्ञ ल्यांग स-छेंग आणि त्यांची पत्नी लिन ह्वेइयिन यांना ते मान्य नव्हते. वायव्य चीनमधील तुनह्वांगच्या ६१व्या लेण्यात दहाव्या शतकातले वुताईचे भलेमोठे नकाशाचित्र आहे. त्यात फोग्वांगचे नाव त्यांनी वाचले होते. १९३७ च्या उन्हाळ्यात खेचरांवरून ते येथे पोहोचले. माळ्यावरच्या काळोखात वटवाघळे आणि ढेकूण होते. दूरची नजर चांगली असल्याने तुळईखालची पुसट अक्षरे आधी लिन यांना दिसली. निंग कुंग-यू या दात्या स्त्रीचे नाव त्यांत होते. तेच नाव अंगणातल्या ८५७ सालच्या दगडी स्तंभावर सापडले आणि बांधकामाचे वर्ष ठरले. तिची बसलेली मूर्तीही दालनात एका कडेला आहे. काही दिवसांतच जपानने पेकिंगजवळ (आजचे बीजिंग) युद्ध सुरू केले. ती बातमी या दोघांपर्यंत उशिरा पोहोचली.

त्याच युद्धामुळे वुताईचा महाराष्ट्राशी संबंध आला. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ मध्ये चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस १९३९ मध्ये वुताई परिसराजवळच्या आघाडीवर चिनी साम्यवाद्यांच्या आठव्या मार्ग सेनेत दाखल झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२व्या वर्षी, ते त्याच मुलखात वारले.

प्रवाशांसाठी जून ते सप्टेंबर हा काळ सोयीचा. मे महिन्यातही माथ्यांवर बर्फ पडू शकतो. प्रांताची राजधानी ताइयुआन येथून ताईह्वाईला बस जातात. चांद्र सहाव्या महिन्यात खेचर-घोड्यांचा बाजार भरतो व गर्दी उसळते. विहारांतले जेवण शाकाहारी असते; डोंगरावरच्या गवतात उगवणारी अळंबी आणि ओटच्या पिठाचे पदार्थ ही येथील खासियत. फोग्वांग ताईह्वाईपासून तीसेक किलोमीटर आणि नानछान आणखी पुढे असल्याने सहलीच्या गाड्या बहुधा तिकडे वळत नाहीत. एकच दिवस हाती असेल तर तो वूयेच्या रांगेत न घालवता स्वतंत्र गाडी ठरवून या दोन दालनांना द्यावा.