मुलांमधील इन्सुलिनची त्वचा-अ‍ॅलर्जी

इन्सुलिन टोचल्याच्या जागी लाली, खाज, सूज किंवा गांध उठण्याचा विकार. टोराँटोत जानेवारी १९२२मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला दिलेला इन्सुलिनचा पहिला अर्क अशुद्ध होता आणि टोचल्याच्या जागी गळू झाले. पुढे गाय-डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेल्या इन्सुलिनमुळे हा त्रास बऱ्याच रुग्णांना होई. १९८२मध्ये जनुकीय तंत्राने बनवलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले आणि आता तो विरळाच दिसतो.

दोष नेहमी इन्सुलिनचाच असतो असे नाही. त्यात मिसळलेले मेटाक्रेसॉल (औषध टिकवणारे रसायन), जस्त किंवा प्रोटॅमिन (इन्सुलिनचा परिणाम लांबवणारे प्रथिन) यांचीही अ‍ॅलर्जी येते. काही मिनिटांत उठणारी खाज आणि गांध हा तातडीचा प्रकार. दुसऱ्या दिवशी हाताला लागणारी खाजरी गाठ हा उशिराचा. श्वास लागला, ओठ सुजले, अंगभर गांध उठले, तर लगेच रुग्णालय गाठावे.

ठाणे-नवी मुंबईच्या दमट उन्हाळ्यात निदानात गफलत सहज होते. शाळेच्या गणवेशाच्या पट्ट्याखाली पोटावर घामोळे येते, नेमके तिथेच इंजेक्शन दिलेले असते, आणि घरचे इन्सुलिनला दोष देतात. घामोळे मात्र टोचलेल्या बिंदूपुरते राहत नाही, पाठीवर-मानेवरही दिसते. रोज एकाच जागी टोचल्याने येणारी मऊ, न खाजणारी चरबीची गाठही अ‍ॅलर्जी नव्हे. पण तिथे टोचलेले इन्सुलिन नीट शोषले जात नाही, म्हणून जागा बदलत राहावे. साखर मोजणाऱ्या सेन्सरच्या चिकटपट्टीखालचे पुरळ हा तर वेगळाच त्रास, तो गोंदाचा.

पुरळ पाहून घाबरलेल्या आईबाबांनी स्वतःहून डोस थांबवणे सर्वांत धोक्याचे. टाइप १ मधुमेहात, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही तेव्हा, इन्सुलिन बंद पडले की काही तासांपासून दिवसाभरात कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठणे) होऊ शकतो. तो जिवावर बेततो. पुरळाचा फोटो, टोचल्याची वेळ आणि कुपीवरचे नाव घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा नेरूळचे डी. वाय. पाटील रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले असल्याने बालरोग आणि त्वचारोग विभाग एकाच आवारात मिळतात.

त्वचेवर चाचणी करून कारण शोधतात. सौम्य त्रासाला अँटिहिस्टामिन हे अ‍ॅलर्जीवरचे औषध पुरते. न पुरल्यास वेगळे घटक असलेले इन्सुलिन देतात. तेही न जमल्यास रुग्णालयात, देखरेखीखाली, अतिसूक्ष्म मात्रेपासून हळूहळू वाढवत शरीराला इन्सुलिनची सवय लावतात.