गगनबावड्याचा उतार आणि ब्रेक ऑइलमधलं पाणी

घाटातल्या अपघाताच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं: 'ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा गाडीवरील ताबा सुटला.' ते वाचून आपण पान उलटतो, कारण सगळं कळल्यासारखं वाटतं. खरं तर काहीच कळलेलं नसतं. निकामी म्हणजे काय झालं? पाइप फुटला? पॅड संपले? की तिसरंच काही? कोल्हापूरकरांनी तरी हा प्रश्न सोडू नये. आपल्याला कोकणात जायचं तर आंबा, गगनबावड्याहून उतरणारे करूळ आणि भुईबावडा, फोंडा, आंबोली यांपैकी कुठला तरी घाट उतरावाच लागतो, आणि सुट्टी लागली की गावातल्या निम्म्या सेडान डिकी भरून त्याच वाटेला लागतात.

अशा प्रसंगातून वाचलेली माणसं जे सांगतात त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. घाट जवळजवळ संपत आला होता, ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल सरळ खाली गेलं, पायाला काही लागलंच नाही. गाडी कशीबशी थांबवली. अर्ध्या तासाने बघतात तर ब्रेक एकदम कडक. दुसऱ्या दिवशी गॅरेजला नेली तर गळती नाही, पॅड शिल्लक, पेडल व्यवस्थित. मेकॅनिक म्हणतो, "गाडीत काही दोष नाही." मग बोलणं फिरत फिरत त्या वळणावर येतं. तिथं पूर्वीही असंच झालं होतं, तिथं काहीतरी आहे, जाताना नारळ फोडायला हवा होता.

त्या वळणावर खरंच काहीतरी असतं. उताराचा शेवट असतो. तोवर ब्रेक सगळ्यात जास्त तापलेले असतात, आणि ज्याने दगा दिला ते थंड झाल्यावर मागमूस न ठेवता नाहीसं होतं. ते म्हणजे वाफेचे बुडबुडे.

आधी उष्णतेचा हिशेब करू. सेडान रिकामी ११०० किलोची धरली, तर पाच माणसं आणि सामान मिळून १५०० किलो होतात. घाटमाथ्यापासून पायथ्यापर्यंत ५०० मीटर उतार धरा. शाळेतलं सूत्र: वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. उत्तर येतं सुमारे ७३ लाख ज्यूल. हीच गाडी सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरवरून थांबवायला २ लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा जिरवावी लागते. म्हणजे ऊर्जेच्या भाषेत एक घाट उतरणं हे साठच्या वेगावरून पस्तीस वेळा गाडी उभी करण्यासारखं आहे. यातला पाव-एक हिस्सा टायर आणि हवेचा विरोध खातो. उरलेला कुठं जाणार? इंजिनाने घेतला नाही तर सगळा ब्रेकमध्ये, आणि त्यातला मोठा भाग पुढच्या चाकांबरोबर फिरणाऱ्या दोन डिस्कमध्ये, म्हणजे तबकड्यांमध्ये.

या डिस्क बिडाच्या असतात. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्याला हे सांगायला नको. करड्या बिडात ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्या असतात, त्या उष्णता झटपट पसरवतात आणि थरथर जिरवतात, म्हणून दिसायला साधा असूनही हा धातू इथं टिकून आहे. सतत ब्रेक दाबत उतरलं तर डिस्क दोनशे-तीनशे अंशांवर सहज जाते. बिडाला त्याचं काही वाटत नाही. अडचण पुढे आहे: ही उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनमध्ये आणि पिस्टनमागे भरलेल्या ब्रेक ऑइलमध्ये शिरते.

ब्रेक ऑइलचं काम पायाचा दाब चाकापर्यंत नेण्याचं. पास्कलचा नियम आपण शिकलोय: बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. १९२१ च्या सुमारास ड्यूसेनबर्ग या अमेरिकी कंपनीच्या गाड्यांत चारही चाकांना असे हायड्रॉलिक ब्रेक आले, आणि आज घरोघरच्या गाडीत तेच तत्त्व आहे. हे सगळं उभं आहे एका गृहीतावर, की द्रव दाबला जात नाही. वायू मात्र दाबला जातो. नळीत वायू शिरला की पायाचा जोर चाकाला पोचण्याऐवजी तो वायू दाबण्यात संपतो.

हे द्रव ग्लायकॉल इथर जातीचं असतं. त्याच्या डब्यावर डॉट ३, डॉट ४ असं लिहिलेलं असतं, ती उकळण्याची प्रतवारी. नव्या कोऱ्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, डॉट ४ चा २३०. पण याच मानकात दुसराही आकडा आहे, आणि महत्त्वाचा तोच. त्यात वजनाने सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळलं, तर डॉट ३ ची किमान मर्यादा १४० वर येते आणि डॉट ४ ची १५५ वर.

साडेतीन-पावणेचार टक्के पाण्याने पासष्ट अंशांचा फरक कसा पडतो? मला या सगळ्या विषयात हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो, म्हणून थोडं आकडेमोडीत शिरतो. उकळणं वजनावर ठरत नाही, रेणूंच्या संख्येवर ठरतं. पाण्याचा रेणूभार १८. ग्लायकॉल इथरचा रेणू जाडजूड, एका नेहमीच्या प्रकाराचा रेणूभार १६४, म्हणजे नऊ पट. आता १०० ग्रॅम मिश्रण घ्या. पाणी ३.७ ग्रॅम, भागिले १८, म्हणजे सुमारे ०.२१ मोल (मोल हे रेणू मोजायचं एकक). इथर ९६.३ ग्रॅम, भागिले १६४, म्हणजे ०.५९ मोल. एकूण ०.८० मोलांपैकी पाणी ०.२१. म्हणजे वजनात नगण्य वाटणारं पाणी रेणूंच्या मोजदादीत चारांत एक भरतं!

पुढची पायरी राऊल्ट या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात दाखवली: मिश्रणातल्या घटकाचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, त्याच्या रेणूंच्या हिश्श्याच्या प्रमाणात असतो. १४० अंशांना शुद्ध पाण्याचा बाष्पदाब वातावरणाच्या सुमारे साडेतीन पट. त्याचा २६ टक्के हिस्सा म्हणजे ०.९ च्या थोडा वर. त्यात इथरचा स्वतःचा किंचित बाष्पदाब मिळवला की आपण एका वातावरणाच्या उंबरठ्यावर येतो. द्रवाचा बाष्पदाब बाहेरच्या दाबाइतका झाला की उकळी फुटते. म्हणजे १४० अंश! मानकातला आकडा बारावीच्या रसायनशास्त्रातून जवळजवळ जसाच्या तसा निघतो. (डॉट ४ मध्ये बोरेट एस्टर असतात. ते पाण्याशी रासायनिक अभिक्रिया करून काही पाणी बांधून ठेवतात, म्हणून पाणी मिसळल्यावरही त्याची मर्यादा डॉट ३ पेक्षा वर राहते.)

आता ही उकळी नेमकी कधी फुटते ते पाहा. ब्रेक दाबलेला असताना नळीतला दाब वातावरणाच्या कैक पट असतो. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो, कुकरमध्ये रोज घडतं तेच. म्हणून पाय पेडलवर आहे तोवर तापलेलं ब्रेक ऑइल गप्प राहतं. पाय उचलला की दाब एकदम उतरतो आणि त्या क्षणी ते उकळतं. एका थेंबाइतक्या पाण्याची वातावरणाच्या दाबाला नव्वदेक मिलीलिटर वाफ होते. ती फुगून कॅलिपरमधलं द्रव मागे ब्रेक ऑइलच्या टाकीकडे ढकलते. पुढच्या वेळी तुम्ही पेडल दाबता तेव्हा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलला जोडलेला पंप, एका दाबात दहा-पंधरा मिलीलिटर पुढे सारतो, आणि ते सगळं ती जागा भरण्यात जातं. पेडल तळाला टेकतं. पॅड डिस्कवर दाबलेच जात नाहीत. म्हणून आधीच्या वळणावर नीट लागलेला ब्रेक पुढच्याच वळणावर नसतो.

चहाला थांबल्यावरही हे घडू शकतं. गाडी उभी राहिली की डिस्कला वारा लागायचा थांबतो, पण आतली उष्णता पॅडमधून द्रवाकडे सरकतच राहते. निघताना पेडल आधी दाबून बघावं, मगच गाडी हलवावी.

पाणी येतं कुठून? ब्रेकची व्यवस्था बंद असली तरी पूर्ण हवाबंद नाही. टाकीच्या झाकणाला हवेसाठी वाट असते, आणि चाकाजवळच्या रबरी होजमधूनही बाष्प सावकाश आत झिरपतं. कोल्हापूरचा पावसाळा, त्यात गगनबावडा तर राज्यातल्या मोठ्या पावसाच्या ठिकाणांपैकी, हवेत बाष्पाला तोटा नाही. दोन-तीन वर्षांत पाण्याचं प्रमाण दोन-तीन टक्क्यांवर जाऊ शकतं, गाडी चालो वा दारात उभी राहो. म्हणूनच बहुतेक कंपन्या 'दोन वर्षं किंवा अमुक किलोमीटर, जे आधी होईल ते' असं लिहितात. 'माझी गाडी फिरतेच कुठं' हा युक्तिवाद इथं चालत नाही.

पाणी शोषणारं द्रव वापरायचंच कशाला, असं कुणी विचारेल. न शोषणारं घेतलं तर आत आलेलं पाणी वेगळं राहील, थेंब जड म्हणून खाली उतरत कॅलिपरच्या तळाशी, म्हणजे सर्वांत तापणाऱ्या जागी जाऊन बसेल, शंभर अंशांनाच उकळेल आणि तिथलं लोखंड गंजवेल. पाणी सगळीकडे वाटून घेणं हा या द्रवाचा गुण आहे. त्याची किंमत म्हणून ते ठरावीक काळाने बदलायचं.

आणि बदलायचं म्हणजे बदलायचं. सर्व्हिसिंगच्या बिलावर 'ब्रेक ऑइल टॉप-अप' असं लिहिलेलं असेल तर त्याने पाणी जात नाही. इंजिन ऑइल किंवा कूलंटसारखं ब्रेक ऑइल फिरत नाही. वर टाकीत ओतलेलं वरच राहतं, कॅलिपरमधलं जुनं तिथंच. शिवाय टाकीतली पातळी उतरली याचा अर्थ बऱ्याचदा पॅड झिजलेत असा असतो: पिस्टन जितका बाहेर येईल तितकं द्रव त्याच्यामागे जातं. पॅड न बघता वरून ओतलं तर गाडी देत असलेली सूचना आपणच झाकतो. आणि पॅड जागेवर असूनही पातळी उतरली तर गळती शोधायलाच हवी.

नीट काम बघायचं असेल तर एखाद्या सकाळी उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये उभं राहावं. मेकॅनिक चाकामागच्या निपलला पारदर्शक नळी लावतो, तिचं दुसरं टोक बाटलीत. पोरगा आत पेडलवर. "मार पंप... धर दाबून..." निपल अर्धा फेरा उघडला की नळीतून गढूळ तपकिरी द्रव येतं, मध्येच एखादा बुडबुडा. निपल बंद, "सोड." असं करत करत नळीतलं द्रव फिकट पिवळं, स्वच्छ झालं की पुढचं चाक. चारही चाकांना मिळून अर्धा ते एक लिटर पुरतं. रंग बदलला म्हणजे नवं आलं इतकंच कळतं. पाणी किती हे रंगावरून सांगता येत नाही, स्वच्छ दिसणाऱ्यातही ते असू शकतं.

पेडलची प्रत्येक तक्रार मात्र पाण्याची नसते. पेडल नेहमीच मऊ असेल आणि पंप केल्यावर वर येत असेल तर नळीत हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कुठं गळती नसेल तर मास्टर सिलिंडरची रबरं गेली आहेत. पेडल दगडासारखं कडक झालं तर बूस्टरला, म्हणजे व्हॅक्यूमच्या मदतीने पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला, व्हॅक्यूम मिळत नाही. गाडी एका बाजूला ओढत असेल तर कॅलिपर अडकल्याची शंका घ्यावी. पावसात रात्रभर उभ्या गाडीचे ब्रेक सकाळी खरखरले तर तो डिस्कवरचा गंजाचा पातळ थर, दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो. आणि घाटात पेडल घट्ट लागतंय पण गाडी थांबत नाही, करपल्याचा वास येतोय, तर पॅड जास्त तापलेत. द्रव ठीक आहे.

उतारावर इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवायची सवय अजून अनेकांना आहे. हा गैरसमज जीवघेणा आहे. इंजिन बंद केलं की बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो. न्यूट्रल केलं की इंजिनाची रोख जाते आणि सगळे लाखो ज्यूल ब्रेकवर येतात. बरं, पेट्रोलही वाचत नाही: आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये असताना उतारावर पाय काढला की इंधन पूर्ण बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगसाठी लागतंच. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरावं, ऑटोमॅटिक असेल तर खालचा गिअर निवडावा, आणि ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवण्यापेक्षा थोडा वेळ जोरात दाबून वेग उतरवावा आणि सोडावा, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो.

तरीही पेडल खाली गेलंच तर भराभर पंप करा. प्रत्येक दाबागणिक टाकीतून आणखी द्रव पुढे येतं आणि काही दाबांत पॅड टेकू शकतात. त्याच वेळी खालचा गिअर टाका. हँडब्रेक बहुतेक सेडानमध्ये वायरवर चालतो, त्याला या वाफेचा काही संबंध नाही. तो हळूहळू ओढा, एकदम खेचला तर मागची चाकं घसरतील. गाडी डोंगराच्या बाजूला घ्या, आणि थांबल्यावर ब्रेक परत आला म्हणून लगेच पुढे निघू नका.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या गाड्या चाकांच्या वर पाण्यात होत्या, त्यांनी इंजिन ऑइल बदललं पण ब्रेक ऑइल तसंच ठेवलं असेल, तर ते आधी काढावं. बदलताना सीलबंद डबाच घ्या; मागच्या वर्षी उघडून माळ्यावर ठेवलेला उरलेला डबा एव्हाना हवेतलं बाष्प प्यायलेला असतो. आणि बॉनेटच्या रंगावर सांडलं तर फडक्याने चोळू नका, लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर तिथला रंग सुटतो.