जळगावचं घरकुल प्रकरण: हात वर करणाऱ्यांचा हिशेब

३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने जळगाव घरकुल प्रकरणात, म्हणजे झोपडपट्टीवासीयांच्या घरांच्या योजनेतल्या गैरव्यवहारात, ४८ जणांना दोषी ठरवलं. माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षं कैद आणि १०० कोटींचा दंड, गुलाबराव देवकर यांना पाच वर्षं कैद, ही दोन नावं मथळ्यांत आली. पण यादीतले बहुतेक जण आजी-माजी नगरसेवक होते आणि तिथवर त्यांना नेलं ते मुख्यतः नगरपालिकेच्या सभेत मंजूर केलेल्या ठरावांनी.

गोष्ट सुरू होते नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात. जळगावला तेव्हा महापालिका नव्हती, ती झाली २००३ मध्ये. तरी नगरपालिकेचा थाट मोठा. स्वतःसाठी सतरा मजली इमारत बांधणारी नगरपालिका दुसरी कुठली? हा सगळा कारभार बराचसा कर्जावर चालला होता. गरिबांच्या घरांसाठी कर्ज द्यायला केंद्राने १९७० मध्ये हुडको काढली होती. झोपडपट्टीतल्या लोकांसाठी अकरा हजारांवर घरकुलं बांधायची योजना आखली गेली ती तिच्याच कर्जाच्या जोरावर. काम मिळालं खान्देश बिल्डर्सला.

ठेकेदाराला कामापूर्वी आगाऊ रक्कम देणं बेकायदा नाही. मजूर आणायचे, यंत्रं लावायची, त्याला पैसा लागतोच. पण त्याचे नियम असतात. रकमेइतकी बँक हमी घ्यायची, माप पुस्तिकेत झालेलं काम नोंदवायचं आणि प्रत्येक चालू बिलातून ती रक्कम वळती करायची. जागा ताब्यात असणं तर त्याही आधीचं. जळगावात ठेकेदाराला सुमारे २९ कोटी रुपये बिनव्याजी दिले गेले. काही जागांचा मालकी हक्क पालिकेकडे नव्हता, बिनशेती परवानगीही नव्हती. शेवटी घरं उभी राहिली ती जेमतेम दीड हजार.

हे अंधारात झालं नाही, हीच यातली चमत्कारिक गोष्ट. नगरपालिकेची सभा ज्याने पाहिली आहे त्याला कामकाजाची चाल ठाऊक असते. टिप्पणी प्रशासनाची, सूचक एक, अनुमोदक एक, मग ‘मंजूर, मंजूर’ असा गलका. टिप्पणीखाली अभियंत्याची सही, लेखापालाची सही, मुख्याधिकाऱ्याची सही. प्रत्येकाला वाटतं, पुढचा बघेल. नेत्याचा शब्दच अंतिम असेल तर पुढचाही बघत नाही.

बघितलं ते बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याने. महापालिकेचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी ३ फेब्रुवारी २००६ रोजी जळगावच्या पोलीस ठाण्यात फिर्याद दिली. पुढे सहा वर्षं प्रकरण रेंगाळलं. मार्च २०१२ मध्ये जैन यांना अटक झाली, तेव्हा कुठे राज्याचं लक्ष गेलं. सर्वोच्च न्यायालयाचा जामीन मिळेपर्यंत २०१६ उजाडलं होतं. शिक्षेनंतर दोषींनी उच्च न्यायालयात अपिलं केली आणि जामीनही मिळवले. हुडकोची थकबाकी मात्र शहराच्या मानगुटीवर बसली. महापालिकेची बँक खाती गोठवण्यापर्यंत वेळ आली. म्हणजे जी घरं झालीच नाहीत, त्यांचा भुर्दंडही जळगावकरांनीच सोसला.

नगरसेवक कायद्याने लोकसेवकच. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १३(१)(ड) होतं. पदावर असताना, सार्वजनिक हित नसताना, दुसऱ्याला आर्थिक लाभ करून दिला तरी तो गुन्हा. स्वतः दमडी घेतल्याचं सिद्ध करावं लागत नसे. प्रामाणिक अधिकारीही या कलमाच्या धास्तीने सही करायला कचरतात, अशी तक्रार सचिवालयांतून सतत व्हायची. तिच्यात तथ्य होतं. चुकीचा निर्णय आणि बेइमानीचा निर्णय कागदावर सारखेच दिसतात. २०१८ च्या दुरुस्तीत ते कलम गेलं. त्याच दुरुस्तीने कलम १७अ आलं. लोकसेवकाने पदाच्या अधिकारात घेतलेल्या निर्णयाची या कायद्याखाली चौकशी करायची, तर आधी सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी हवी.

लोकसेवकाने केलेल्या फौजदारी विश्वासघाताचं कलम आजही आहे, त्यामुळे असा खटला अशक्य झालेला नाही. पण गेडाम यांनी फिर्याद दिली तेव्हा ही मंजुरीची पायरी नव्हती. आज एखाद्या आयुक्ताला अशीच फाईल सापडली, तर भ्रष्टाचाराच्या कलमांखाली चौकशी सुरू व्हायच्या आधीच ती मंत्रालयात जाईल.