हेलियम मिश्रणाच्या डायव्हिंग कोर्ससाठी अर्ज: कागद नेमके कुठे अडतात

लॉगबुकात, म्हणजे बुड्यांच्या नोंदवहीत, दोनशे डाइव्ह, आणि तरी अर्ज परत. मालवण, तारकर्ली, देवबागच्या मुलांच्या बाबतीत हे वारंवार घडतं. कारण साधं आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे डाइव्ह दहा मीटरच्या आतबाहेरचे असतात आणि अट खोलीची असते. डायव्हिंग शिकवणाऱ्या पाडी या संस्थेत हेलियमकडे जाणारी वाट टेक ४० आणि टेक ४५ (४० आणि ४५ मीटरपर्यंतचे कोर्स) वरून जाते. टेक ४५ ला किमान ५० डाइव्ह लागतात, पण त्यातले १२ नायट्रॉक्सवर (ऑक्सिजन वाढवलेल्या हवेवर) १८ मीटरपेक्षा खोल आणि ६ तीस मीटरपेक्षा खोल हवेत. टीडीआय या दुसऱ्या संस्थेचा हेलिट्रॉक्स हा ४५ मीटरपर्यंतचा हेलियम मिश्रणाचा कोर्स आहे. दोन्हीकडे वय १८ पूर्ण लागतं. पर्यटकांना एकदा पाण्याखाली फिरवून आणल्याचं जे रंगीत प्रमाणपत्र मिळतं, ते पात्रता म्हणून कुठेच धरत नाहीत. ते जोडूच नका.

तेव्हा आधी अंदमानसारख्या ठिकाणी खोलीचे डाइव्ह करून या, मग अर्ज भरा. प्रत्येक नोंदीत कमाल खोली, गॅस, वेळ आणि बडीची (सोबतच्या डायव्हरची) किंवा प्रशिक्षकाची सही हवी. नुसता डाइव्ह कॉम्प्युटरचा (खोली आणि वेळ नोंदवणाऱ्या यंत्राचा) प्रिंट दिला तर तो डाइव्ह कोणी केला, हा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे.

सगळ्यात जास्त हाल मेडिकल फॉर्मवर होतात. फॉर्म तीन पानी आहे, पहिल्या पानावर दहा प्रश्न. ३, ५ किंवा १० या प्रश्नाला 'हो' आलं, की डॉक्टरांची सही लागतेच. दहावा प्रश्न चालू औषधांचा आहे. रोजची बीपीची गोळी म्हणजे 'हो'. वय ४५ च्या पुढे असेल तर दुसऱ्या पानावरचे जास्तीचे प्रश्न भरावे लागतात, आणि तिथल्या एका जरी प्रश्नाला 'हो' असेल तरी डॉक्टर आलेच. आपले फॅमिली डॉक्टर लेटरहेडवर 'फिट' लिहून देतात. तो कागद चालत नाही. तिसऱ्या पानावरच्या मान्य की अमान्य या चौकटीतच खूण आणि सही हवी. डॉक्टरांना डायव्हिंग माहीत असेलच असं नाही, म्हणून फॉर्मसोबतची डॉक्टरांसाठीची मार्गदर्शिका छापून घेऊन जा. गोळी लपवून सगळीकडे 'नाही' लिहू नका, पाण्याखाली त्याचा जाब तुमच्याच शरीराला द्यावा लागतो. आणि या फॉर्मची मुदत बारा महिन्यांची असते, हंगामाची नव्हे.

ओळखपत्र, फोटो, शुल्क, नायट्रॉक्सच्या कार्डाची प्रत: यात अडचण येत नाही.

स्वतःचं सिलिंडर नेणार असाल तर खांद्यावर ठोकलेली तारीख नीट वाचा. घरच्या गॅसच्या सिलिंडरवर 'बी'सारखं एक अक्षर (ए ते डी) आणि वर्ष असं लिहिलेलं असतं, ती पुढच्या चाचणीची तिमाही. स्कुबाच्या सिलिंडरवर असते ती झालेल्या चाचणीची तारीख. ती संपण्याची तारीख समजून लोक चांगलं सिलिंडर घरी ठेवतात, किंवा मुदत उलटलेलं घेऊन येतात. पेसोची (सिलिंडरना परवानगी देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची) मान्यता नसलेलं, परदेशातून सामानात आणलेलं सिलिंडर भरून मिळणार नाही; गॅस सिलिंडर नियम २०१६ मध्ये त्याला मुभा नाही. इथे हुज्जत घालून उपयोग नाही.

अर्जासोबत गॅसचं गणित मागतात, आणि तिथे लोक नुसतं '२१/३५' लिहून मोकळे होतात. आकडे दाखवा. २१ टक्के ऑक्सिजन, ३५ टक्के हेलियम, ४५ मीटर, म्हणजे ५.५ बार दाब. ऑक्सिजनचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) १.१५ बारच्या आसपास येतो, नशेच्या हिशेबाने खोली (साध्या हवेवर तेवढीच गुंगी जिथे येईल ती) सुमारे २६ मीटर, आणि गॅसची घनता लिटरला ५ ग्रॅम. हवा घेऊन ४० मीटरवर गेलं तर हीच घनता ६.४ च्या वर जाते. ५.२ च्या आत राहावं आणि ६.२ कधीच ओलांडू नये, अशी शिफारस आहे. हेलियम लागतो तो यासाठीही: दाट गॅस ओढताना श्वास थकतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो.

भरणाऱ्यालाही आकडे द्या. रिकाम्या सिलिंडरात २०० बारपर्यंत हेच मिश्रण करायचं तर हेलियम ७० बार, ऑक्सिजन सुमारे १८.६ बार, उरलेली हवा. शुद्ध ऑक्सिजन सिलिंडरात जातो म्हणून सिलिंडर आणि व्हॉल्व्ह ऑक्सिजनसाठी स्वच्छ केलेले हवेत, तेलाचा अंश चालत नाही. फुग्यांसाठी मिळणारा हेलियम आणू नका, त्यात काय मिसळलंय ते कोणी लिहून देत नाही. पुरवठादाराकडून शुद्धतेचा दाखला मागा.

शेवटची सही सिलिंडरवर लावायच्या चिकटपट्टीवर असते. ऑक्सिजनचे टक्के, हेलियमचे टक्के, कमाल खोली, तारीख. मोजायचं डाइव्ह करणाऱ्याने स्वतः, दोन्ही वायू मोजणाऱ्या यंत्रावर. नुसत्या ऑक्सिजनच्या यंत्रावर २१ दिसलं, तरी सिलिंडरात साधी हवा असू शकते.