क्रॉम्प्टन, बॉब

रॉबर्ट ऊर्फ बॉब क्रॉम्प्टन (२६ सप्टेंबर १८७९ – १५ मार्च १९४१) : पहिल्या महायुद्धापूर्वीच्या काळातील अग्रगण्य इंग्लिश बचावपटू आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा कर्णधार. त्याचा जन्म लँकेशरमधील ब्लॅकबर्न या कापडगिरण्यांच्या गावी झाला. त्याने नळकामाचे शिक्षण घेतले होते आणि पोहणे व वॉटर पोलो यांतही त्याला चांगली गती होती. १८९६ मध्ये तो ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये दाखल झाला आणि १९२० मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याने दुसऱ्या कोणत्याही क्लबकडे पाहिले नाही. लीगमधील (इंग्लंडमधील क्लबांच्या साखळी स्पर्धेतील) त्याच्या सामन्यांची संख्या ५२८ भरते. महायुद्धामुळे १९१५ ते १९१९ या काळात लीग बंद नसती, तर ती आणखी वाढली असती.

सुरुवातीला मध्यफळीत खेळणारा क्रॉम्प्टन पुढे उजवा फुल-बॅक (गोलरक्षकाच्या लगेच पुढचा बचावपटू) म्हणून स्थिरावला. त्या वेळी संघ दोन फुल-बॅक, तीन हाफ-बॅक (मध्यफळीतील खेळाडू) आणि पाच आघाडीवीर अशा रचनेत उतरत, त्यामुळे गोलरक्षकापुढची सारी जबाबदारी दोघांवरच येई. १९२५ पूर्वीच्या ऑफसाइड नियमानुसार आघाडीवीर आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू असावे लागत, नाहीतर तो आघाडीवीर ऑफसाइड म्हणजे नियमबाह्य जागी ठरे. साहजिकच एक फुल-बॅक पुढे सरकून सापळा लावी, तर दुसरा मागे राहून चुकलेला डाव सावरी. खांद्याने धक्का देणे तेव्हा नियमात बसत असे आणि भरदार शरीराचा क्रॉम्प्टन त्यात कमी पडत नसे. तरी त्याचे खरे बळ जागा ओळखण्यात होते : चेंडू कोठे येणार हे हेरून तो आधीच तेथे पोहोचे, आणि वेगावर विसंबावे न लागल्यामुळेच बहुधा वयाच्या चाळिशीपर्यंत त्याला वरच्या दर्जाचा खेळ करता आला.

३ मार्च १९०२ रोजी रेक्सम येथे वेल्सविरुद्ध तो इंग्लंडकडून प्रथम खेळला. १९१४ पर्यंत त्याने ४१ आंतरराष्ट्रीय सामने खेळले व त्यांपैकी २२ सामन्यांत संघाचे नेतृत्व केले. आजच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु त्या काळी इंग्लंडला वर्षाकाठी स्कॉटलंड, वेल्स व आयर्लंड यांच्याशी होणारे तीनच सामने ठरलेले असत, हे ध्यानात घेतले म्हणजे बारा वर्षे संघातले स्थान टिकवण्याचे मोल कळते. १९०८ मध्ये इंग्लंडचा संघ प्रथमच युरोप खंडाच्या दौऱ्यावर गेला, तेव्हाही तो संघात होता. डाव्या बाजूला वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा जेसी पेनिंग्टन आणि उजवीकडे क्रॉम्प्टन ही जोडी दीर्घकाळ टिकली. इंग्लंडकडून सर्वाधिक ४१ सामने खेळण्याचा क्रॉम्प्टनचा विक्रम १९५२ मध्ये इंग्लंडच्याच बिली राइटने व्हिएन्ना येथे मोडला.

त्याच्या नेतृत्वाखाली ब्लॅकबर्नने १९११-१२ आणि १९१३-१४ या हंगामांत लीगचे विजेतेपद पटकावले. त्यापूर्वी क्लबला ते एकदाही मिळाले नव्हते. एफए कप (इंग्लंडमधील क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा) मात्र खेळाडू म्हणून त्याच्या हाती लागला नाही. १९१२ मध्ये उपांत्य फेरीत बरोबरीनंतर पुन्हा झालेल्या सामन्यात ब्लॅकबर्न हरले, आणि समोर होता पेनिंग्टनचाच संघ.

निवृत्तीनंतर तो क्लबच्या संचालक मंडळावर गेला व १९२६ च्या अखेरीस त्याने व्यवस्थापकाची धुरा हाती घेतली. १९२८ च्या अंतिम सामन्यात वेम्ब्लीवर हडर्सफील्ड टाउनला ३-१ असे नमवून ब्लॅकबर्नने एफए कप जिंकला. मात्र पुढे खेळाडूंशी बिनसल्यामुळे १९३१ मध्ये त्याला क्लब सोडावा लागला. मधल्या काळात त्याने बोर्नमथ येथेही व्यवस्थापक म्हणून काम पाहिले. १९३८ मध्ये ब्लॅकबर्नने त्याला परत बोलावले; तेव्हा दुसऱ्या श्रेणीत घसरलेल्या या संघाने १९३८-३९ च्या हंगामात अव्वल क्रमांक मिळवून वरची श्रेणी पुन्हा गाठली. दुसऱ्या महायुद्धामुळे वरच्या श्रेणीतला हंगाम मात्र सुरुवातीलाच थांबवावा लागला. १५ मार्च १९४१ रोजी ब्लॅकबर्न आणि बर्नली यांचा सामना पाहिल्यानंतर त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि त्याच दिवशी त्याचे निधन झाले.